त्याची लायब्ररी

लेकीला आईचे अनेक आशीर्वाद.

इथे नीट पोचले, झोपही लागते. तू दोन घास खातेस ना?

तुझ्या लेकाच्या ऑफिसात गेले. तू सांगितलंस तसं म्हटलं, "पोरगं तर गेलं, त्याची लायब्ररी बांधून द्या, घरी नेते." त्याच्यासोबत काम करणारी मुलगी म्हणाली, "आजी, ती पुस्तकांची नव्हे. क्वांटम कॉम्प्युटरला काम कसं सांगायचं, ते त्यानं लिहून ठेवलंय. जगभरातले लोक फुकट वापरतात." आणि रडायलाच लागली. म्हटलं, "आवर बाई, कीबोर्ड भिजेल."

तर लायब्ररी काही येत नाही. ती सगळ्यांची झाली. त्याच्या खोलीतल्या चपला आणतेय, त्या आपल्याच. टाच अजून एकाच बाजूनं झिजवलीय मेल्यानं.

सवयीनं 'मेल्यानं' लिहून गेले बघ. आता खोडत नाही.

तुझी आई