स्ट्रॉबेरीचा मांडव

आबा, आज मी वर्गात पुन्हा स्ट्रॉबेरी शिकवली आणि घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

तेव्हा पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि मोशीहून चिंचवडच्या शाळेत जाणारी मी एकटीच मुलगी. बाईंनी महाबळेश्वरहून आणलेलं रोप कुंडीसकट माझ्या हाती दिलं, कारण आपल्याकडे विहीर होती. "सांभाळ. नवी रोपं झाली की वर्गात वाटू," म्हणाल्या. गुलाबाच्या कुळातलं, पण काटे नाहीत, खोड असून नसल्यासारखं. एका देठाला तीन पानं, कडा करवतीसारख्या. "मेथीवानी पान हाय की गं!" तुम्ही म्हणालात. मग बुडातून लांबच लांब दोर फुटले आणि तुम्ही शेवरीच्या काटक्यांचा मांडव केलात. "येल हाय पोरी. भुईवर लोळला तर कुजंल." एकेक दोर केळीच्या सोपटानं किती हळुवार बांधलात. मला तुमचं केवढं कौतुक वाटलं होतं.

सुट्टी लागायच्या आधी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, कुंडी मांडवासकट डोक्यावर घेऊन शाळेत आलात. बाईंना हसू आवरेना. "अहो, हा दोडका नाही! ही धावती खोडं. मातीला टेकली की पेरापेराला मुळं धरतात, तिथंच नवं रोप होतं." पेरांवरची इवलीशी मुळं हवेतच वाळून गेली होती. सगळा वर्ग हसतोय. तुम्हीही हसताय, आणि तिथंच फरशीवर बसून एकेक गाठ सोडताय. मी खिडकीबाहेर बघतेय, तुमच्याकडे बघायची मला लाज वाटतेय.

परतताना तुम्ही एवढंच विचारलंत, "लई हसली का गं पोरं तुला?"

मी "न्हाई" म्हटलं. रोप त्याच उन्हाळ्यात गेलं. कुंडी तुम्ही घासून परत दिलीत.

पुढे तुमच्याच हट्टानं मी वनस्पतिशास्त्र शिकले. लाल गर हे खरं फळ नव्हे, वरचे दाणे म्हणजे फळं, हे सांगून झालं की दरवर्षी धावत्या खोडापाशी तो मांडव सांगते. मुली पोट धरधरून हसतात. मीही हसते, आबा. आज एकीनं विचारलं, "बाई, असा माणूस खरंच होता?"

"होता," मी म्हटलं, "आमच्या गावातला एक शेतकरी."

माझे वडील, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही तोंडून निघालं नाही.