उपरोधाला उदाहरण हवं

३ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. पुढे हे दिवस आठवावेसे वाटतील, तेव्हा नोंद असलेली बरी.

भाषेच्या बाई शाळेच्या जिन्यावरून घसरल्या. पाय प्लास्टरमध्ये, महिनाभर रजा. त्यांचा नववीचा साहित्याचा तास कोण घेणार, असं मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं. सगळ्यांना एकदम वह्या तपासायची आठवण झाली. मी हात वर केला. गणिताच्या माणसाला साहित्य जड जात नाही. उलट प्रयोग कोणी करून पाहावा.

खरं कारण फक्त इथे लिहितो. पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे, महिनाअखेरीस नाव जाहीर होणार. दोन्ही विषय पेलणारा माणूस समोर असताना कमिटीला दुसरं नाव सुचेलच कसं?

हिला सांगितलं. म्हणाली, मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात. मागच्या वेळी मी एकच विषय शिकवत होतो, हा फरक तिच्या लक्षात येत नाही.

५ ऑगस्ट
पहिला तास. जोरदार. कविता म्हणजे समीकरण, हे फळ्यावर मांडूनच दाखवलं. उपमा: अ हा ब सारखा. रूपक: अ म्हणजेच ब. चेतनगुणोक्ती: निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. उदाहरण मागितलं. मागच्या बाकावरची वेणीवाली म्हणाली, सर, आपल्या वर्गातला पंखा. मनात आलं तरच फिरतो. शाबास म्हटलं.

अतिशयोक्तीला तिच्या शेजारणीने माझंच वाक्य दिलं: हे गणित कोणालाही दोन मिनिटांत सुटेल. वर्ग हसला. यात अतिशयोक्ती कुठे आहे ते कळलं नाही.

संकल्प: आठवड्याभरात सगळ्या संज्ञा संपवणे. रोज एक कविता वाचणे.

८ ऑगस्ट
कविता वाचणं उद्यापासून. आज चाचणीचे पेपर तपासायचे होते.

९ ऑगस्ट
पर्यवेक्षकाच्या खोलीत सुतार आलाय. टेबल दाराजवळ सरकवलं, दारातल्या पायरीवर उतरती फळी बसवली, आणि आता एक बुटकं स्टूल ठोकतोय. कशाला म्हणून विचारलं. म्हणाला, नव्या पर्यवेक्षकांना पाय वर ठेवून बसावं लागेल, असं मोठ्या सरांनी सांगितलंय.

माझा डावा गुडघा! मागच्या सहलीत एकदाच कुरकुरलो होतो. मुख्याध्यापकांनी लक्षात ठेवलं. माणूस मनाचा मोठा.

सुताराला म्हटलं, उंची थोडी कमी कर. तो म्हणाला, तुम्हाला काय करायचंय? मी नुसता हसलो.

दुपारी वर्गात पूर्वसूचन घेतलं. पुढे काय घडणार याची खूण लेखक आधीच एखाद्या साध्या वस्तूतून देऊन ठेवतो. उदाहरण म्हणून स्टूल सांगितलं, अर्थात नाव न घेता. वर्ग इतका शांत झाला की पंखासुद्धा ऐकू आला. विषय पोचला.

संध्याकाळी शिंप्याकडे कोटाचं माप दिलं. आतून एक जादा खिसा सांगितला, किल्ल्यांच्या जुडग्यासाठी. कसल्या किल्ल्या, असं त्याने विचारलं. म्हटलं, कळेल लवकरच.

१४ ऑगस्ट
मी आलो की स्टाफरूम गप्प होते. सत्काराची तयारी असावी. शिपाईमामा आज न मागता चहा घेऊन आले, शिवाय बिस्किटं. माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेले. वरिष्ठाशी कसं वागायचं, याचा सराव करताहेत बिचारे.

मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले. पर्यवेक्षकाच्या जागेबद्दल मला तुम्हाला जरा सांगायचंय, अशी सुरुवात केली. मी तिथेच थांबवलं. म्हटलं, सर, जाहीर होण्याआधी मला काही सांगणं नियमाला धरून होणार नाही. अहो, पण ऐकून तर घ्या, म्हणाले. मी ऐकलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. ते चष्मा पुसत बसले, बराच वेळ. भारावले असावेत.

१८ ऑगस्ट
आठवड्यात संपणाऱ्या संज्ञा अजून निम्म्याच झाल्यात. दोष संज्ञांचा आहे, फार आहेत.

आज नाट्यात्म उपरोध. प्रेक्षकांना सगळं ठाऊक असतं, रंगमंचावरच्या पात्राला मात्र नसतं, आणि ते ऐटीत बोलत राहतं. मला हा प्रकार साफ कृत्रिम वाटतो. प्रत्यक्षात असं होतं का? कोणीतरी सांगतंच ना! डोकं खाजवूनही जगण्यातलं एक उदाहरण सापडलं नाही.

वेणीवालीने विचारलं, सर, पात्राची फारच दया आली तर प्रेक्षकांनी ओरडून सांगायचं का? म्हटलं, मुळीच नाही. नाट्यगृहाला शिस्त असते. वर्गाने हे वाक्य उतरवून घेतलं. मी न सांगता.

घरी हिच्यापाशी तक्रार केली की उदाहरण मिळत नाही. ही म्हणाली, सांगणारे सांगतात हो, पण तुम्ही कोणाला सांगू द्याल तर ना. दुपारी ती बाईंना बघायला गेली होती. बाई म्हणाल्या म्हणे, सरांना मीच फोन करून सांगू का? म्हटलं, त्यांना कळव, नोट्सची गरज नाही, माझं माझ्या पद्धतीने उत्तम चाललंय. ही स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरातच लावली.

२३ ऑगस्ट
मुख्याध्यापक शुक्रवारी माझा तास बघायला येणार. शेवटची औपचारिकता. वर्गाला बजावलं, प्रत्येकाने नाट्यात्म उपरोधाचं स्वतःचं उदाहरण तयार ठेवायचं. पुस्तकातलं चालणार नाही.

कविता वाचणं सोमवारपासून, नक्की.

२७ ऑगस्ट, दुपार
संताप.

मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर बसले. पहिल्या मुलीला उठवलं. तिचं उदाहरण: एका बागेत एक माळी होता. मुख्य माळ्याची जागा आपल्यालाच मिळणार म्हणून खूश होता. ती दुसऱ्याला आधीच दिलेली होती. सगळ्या बागेला ठाऊक, फक्त त्याला नाही. मी म्हटलं, वा.

दुसरा उठला. त्याचा सैनिक सेनापती होणार होता. गोष्ट तीच. तिसऱ्याचा सेनापतीऐवजी जहाजाचा कप्तान. चौथीच्या गोष्टीत कोंबडा, त्याला पहाटेचं खातं मिळणार होतं. तिसऱ्याच्या कप्तानाने नवा गणवेशसुद्धा शिवायला टाकलेला. सगळा वर्ग एकमेकांची नक्कल करून आलेला, आणि तीही साहेबांसमोर! वेणीवालीची पाळी आली तर उभी राहिली, डोळे भरले, आणि म्हणाली, सर, मी उदाहरण नाही आणलं. निदान प्रामाणिक तरी.

मुख्याध्यापकांना मध्येच जोराचा खोकला आला. तास संपायच्या आत बाहेर गेले. आता त्यांच्याकडेच निघालोय. अख्ख्या वर्गाला शून्य द्यायची परवानगी हवी.

२७ ऑगस्ट, संध्याकाळ
जागा भाषेच्या बाईंना. कमिटीने महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवलं होतं.

मुख्याध्यापकांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, मग सांगितलं. या वेळी मी थांबवलं नाही. बाहेर पडताना एवढंच विचारलं, मग ते स्टूल? ते म्हणाले, अहो, त्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे ना.

घरी आलो. हिने जेवायला वाढलं, समोर बसून राहिली. मी म्हटलं, तुला केव्हापासून ठाऊक होतं? म्हणाली, भात घ्या थोडा.

३१ ऑगस्ट
वर्गाला सांगितलं, उदाहरणं अचूक होती, सगळ्यांना पूर्ण गुण. कोंबड्याला एक जादा. कोणी हसलं नाही.

वेणीवालीने हळूच विचारलं, सर, शेवटी त्या पात्राला कळतं का? म्हटलं, कळतं. त्याला अभिज्ञान म्हणतात. परीक्षेला येत नाही म्हणून मी गाळणार होतो. तिने विचारलं, मग प्रेक्षक काय करतात? म्हटलं, उठून घरी जातात. घंटा झाली. कोणी उठलं नाही.

बाई आज रुजू झाल्या. उतरत्या फळीवर काठी सरकली, तर मीच हात धरला. म्हणाल्या, सर, मला फार वाईट वाटलं हो. म्हटलं, स्टूल वापरून बघा, उंची मीच सांगितली होती. बसल्या. उंची बरोबर आहे.

शिंप्याचा फोन. कोट तयार आहे. आतला खिसा चांगला खोल ठेवलाय, म्हणाला. कितीही किल्ल्या मावतील.