नऊ आणि अकरा

मी, रखमाजी विठोबा दिवेकर, वय ६२, राहणार केडगाव, तालुका दौंड, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. छातीचे दुखणे वाढले आहे, पण डोके जागेवर आहे.

१. केडगावचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील ठेव पत्नी आक्काबाई हिला. आतल्या खोलीला मी दार ठेवले नाही, पडदा लावला आहे. दार आपटले की मला मागून "किती आलं, आप्पा?" असे ऐकू येते. माझ्यामागे तिने खुशाल दार बसवावे.

२. ते विचारणारा बिरदेव कोकरे, वरवंडचा. मी कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. खाच पाडलेल्या पोलादाच्या तुकड्यावर जड हातोडा सोडायचा आणि एका फटक्यात मोडताना त्याने किती जोर सोसला ते काट्यावर वाचायचे, हे माझे काम. बिरदेव क्रेनखाली साखळ्या बांधायचा. तुकडे तोच आणून द्यायचा आणि आकडा विचारल्याशिवाय हलायचा नाही.

मार्च १९९७ मध्ये क्रेनच्या हुकांसाठी आलेल्या पोलादाचे तुकडे काचेसारखे मोडले. चाळीस ज्यूल हवे होते, नऊ आणि अकरा आले. साहेब म्हणाले, "जुन्या मालाचे तुकडे लावा." मी लावले. त्या दिवशी बिरदेवने विचारले तेव्हा मी "चांगलं आलं" म्हणालो.

जुलैत हुक तुटला. खाली बिरदेव होता. चौकशीत लिहिले गेले, त्याने जादा वजन बांधले. साहेबांवर माझा राग आजही आहे, पण रिपोर्टवर सही माझी होती.

३. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर मुलगी मोनाली हिला. ती डिप्लोमा करते आहे. पोरी, आकडा येईल तोच लिही.

४. वरवंडच्या शिवेवरील वीस गुंठे बिरदेवची पत्नी चांगुणाबाई यांना द्यायचे ठरवून मी मागच्या सोमवारी त्यांच्याकडे गेलो. सगळे सांगितले. त्या शेंगा फोडत होत्या, हात थांबला नाही.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही खांदा द्यायला आला न्हाईत, तवाच कळलं."

मी रानाचे बोललो.

"रान नगं. बापाच्या चुकीनं बाप गेला, असं पोरांनी नऊ वर्सं ऐकलंय. त्येवढं पुसा. चार माणसांत पुसा."

म्हणून वीस गुंठेही आक्काबाईस. नऊ आणि अकरा हे आकडे लिहिलेली माझी कच्ची वही आणि ते मोडके तुकडे चांगुणाबाईंना.

५. कलम दोन माझ्या दहाव्याला घाटावर मोनालीने मोठ्याने वाचावे. कावळा शिवला नाही तर माझ्या नावाने कोणी वचन देत बसू नये.

हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: रखमाजी विठोबा दिवेकर
केडगाव, १२ मार्च २००६

साक्षीदार
१. संपत गेनबा शेळके, निवृत्त शिक्षक, केडगाव.
२. मल्हारी धोंडिबा टुले, कासुर्डी. सहीसोबत माझ्या हाताने लिहितो: त्या दिवशी क्रेन मी चालवत होतो. वजन रोजचंच होतं. मीही बोललो नाही.