खालच्या कपॅसिटरची पट्टी

३ एप्रिल १९८९

द्रौपदाबाई आज पुन्हा! आठवड्यात चौथ्यांदा. चौदा तारखेच्या जयंतीला विहारासाठी ॲम्प्लिफायर करायचा म्हणून हे महिनाभर टेबलाशी, आणि ही शेजारच्या स्टुलावर. नवरा गेल्यावर धुळ्यातलं त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान हिनेच चालवलं. आता इथे पिंप्राळ्यात, मागच्या गल्लीत तिच्या सख्ख्या भावाकडे राहते. यांनाही भाऊच म्हणते. "भाऊ, बठ्ठं उलटंच शे तुमनं!" म्हणजे सगळंच उलटं, आणि हे खो खो हसतात. मी चूक काढली असती तर दोन दिवस अबोला! तिच्याशी यांची अहिराणी. माझ्याशी मात्र शब्द निवडून, कॉन्व्हेंटवालीशी बोलावं तसं.

चहा केला. दोघांचेही कप तसेच गार झाले.

५ एप्रिल

धुळ्याचं क्वार्टर आठवत राहिलं. बहात्तर साल. यांनी पहिला असा ॲम्प्लिफायर केला तेव्हा शेजारी मी होते. पुस्तिका इंग्रजी — वाचायची मी, जोडायचे हे. मला कळेना म्हणून फरशीवर खडूने काढून दाखवलं. वर प्लसची तार, खाली मायनसची, मधली शून्य. वरच्या कपॅसिटरचा मायनस पाय, म्हणजे ज्या बाजूला पट्टी छापलेली असते तो, मधल्या तारेला. खालच्याचा मात्र प्लस पाय मधल्या तारेला! "अगं, शून्य झालं तरी उण्यापेक्षा मोठंच ना!" आणि उलटा लावला तर फुटतो, हेही तेव्हाच सांगितलं.

ती फरशी मी आठ दिवस पुसली नव्हती.

७ एप्रिल

यांनी पेपर न उघडताच ठेवून दिला. म्हणे डोकं दुखतं. ती आली की दुखत नाही!

९ एप्रिल

दोघं सोल्डर आणायला बाजारात गेले. मी ॲम्प्लिफायरचं झाकण उचलून पाहिलं. खालचा कपॅसिटर उलटा! मायनसची पट्टी दोन्हींची मधल्या तारेकडे. शाब्बास, द्रौपदाबाई! तिचंच काम हे. यांचा हात कधी चुकलेला नाही.

फुटू दे. जयंतीच्या दिवशी, सगळ्या विहारासमोर फुटू दे. मग बसेल का त्या स्टुलावर?

झाकण होतं तसं ठेवलं. ते आले तेव्हा मी मेथी निवडत होते.

१० एप्रिल

फुटला. विहारात नाही, इथेच. हे नाक टेकवल्यासारखे वाकले होते त्यावर! फटाक्यासारखा आवाज, कागदाच्या चिंध्या, उग्र वास. भुवईला दोन टाके. डोळा थोडक्यात वाचला.

द्रौपदाबाईवर माझं तोंड सुटलं. "तुझ्या हातचं काम हे! धुळ्यात असंच करायचीस का?" तिने यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली. ती चपला घालून निघून गेली.

मला — इथे खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

१२ एप्रिल

द्रौपदाबाई मागच्या दाराने आली. बसली नाही. "वहिनी, जोड भाऊनीच करेल व्हती. त्यास्नी नजर कमी व्हयनी, ती पट्टी आते दिसत नही. वहिनीले सांगू नको, भाऊ म्हने. म्हनीसन मी रोज तपासाले येस. त्या दिन मी तपासाना आधीच त्यास्नी बटन दाबं. कोनी तपासेलच नव्हतं."

तपासलं होतं. मी. नऊ तारखेला.