पासष्ट किलोची मेणबत्ती

प्रिय आई,

परत येऊन दहा दिवस झाले. संत आगाथाच्या मिरवणुकीचं मेण रस्त्यांवरून अजून निघालेलं नाही. भुसा टाकून झाला, खरवडून झालं, तरी स्कूटर वळली की टायर किंचाळतात. इथे म्हणतात, आगाथाची मूर्ती देवळात परत गेली की महिनाभर सगळं कातानिया शहर असंच ओरडत असतं.

तुला हा सण नीट सांगायचाच राहिला. फोनवर मी नुसता 'भारी, भारी' करत होतो. पांढरा झगा, काळी मखमली टोपी आणि खांद्यावर मेणबत्ती, ज्याच्यासाठी नवस त्याच्या वजनाची. तीन वर्षं मी फुटपाथवरून बघत होतो. खालच्या मजल्यावरचा तुरी, तो मासेवाला, दरवेळी चिडवायचा, "मास्तर, फोटो काढून पुण्य लागत नाही." यंदा त्यानेच भावाचा झगा आणून दिला. म्हणाला, "बाप आजारी आहे ना तुझा? मग चल. वजन तेवढं घरी विचारून घे."

म्हणून तुला विचारलं. तू म्हणालीस, पासष्ट.

मेणबत्तीवाल्याला आकडा सांगितला तेव्हा तुरी शेजारीच होता. "नक्की ना? मी मासळी तोलताना अंगठा ठेवतो, सगळ्या बाजाराला माहितेय. पण आगाथाच्या मेणात नाही हां." मी म्हटलं, आईने सांगितलंय. मग त्यानेच मेणबत्तीवाल्याला खूण केली. आईचं नाव काढलं की इथे कोणी पुढे बोलत नाही.

पाच तारखेला खांदा सोलून निघाला. तुरी मधेमधे टेकू देत होता आणि शिव्याही देत होता. एका आजीने मेणबत्तीला हात लावून विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, बाबांसाठी. ती मेणबत्ती वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "चांगला भरलेला माणूस आहे रे तुझा बाप."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हॉस्पिटलच्या कागदावर वजन लिहिलं होतं, एकेचाळीस. तू ओट्याजवळ उभी राहून म्हणालीस, "मी खरं सांगितलं असतं तर तू आला असतास." मी समोर ठेवलेला चहा प्यायलो.

ताई सांगते, तू जेवत नाहीस, अजून तेच एक वाक्य म्हणत बसतेस. म्हणून लिहितोय, फोनवर माझ्याने होणार नाही. आई, मला माहीत होतं. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर बाबांनी हात वर केला आणि घड्याळ मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरलं. तू पटकन फोन भिंतीकडे फिरवलास, पण मी बघितलं होतं. त्याच दिवशी फ्लाइटही बघितली. सीट होती. पण झगा घरात येऊन पडला होता, आणि मला एकदा तरी त्या लोकांमध्ये चालायचं होतं. राहायचं मी आधीच ठरवलं होतं, वजन नंतर विचारलं. तू पासष्ट म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तू मला फसवलं नाहीस. जेव, आई. जेवून मग माझ्यावर राग काढ.

तुझाच,
निनाद