दुकानाच्या खात्यात तुझे फोटो

९ मार्च

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा तसाच, दुकान चालू आहे. तुझं कसं चाललंय ते विचारत नाही. का नाही, ते पुढे येईल.

पत्र मुद्दाम कागदावर लिहिते आहे. मेसेज केला तर तो कुठे जाऊन बसेल आणि कोणाकोणाला दिसेल, याचा मला आता भरवसा उरलेला नाही.

आधी भांडण उरकते. दुकान सोडण्याआधी तू गिऱ्हाइकांच्या पायांचे, बूट बेतायला काढलेले सगळे आराखडे क्लाउडवर चढवलेस. कोणाचा पाय आखूड, कोणाची टाच वळलेली, कोणाला तळ किती जाड, सगळं. कागद रद्दीत घातलेस. मी विचारलं होतं, "अरे, ढगात म्हणजे नक्की कुठे?" तू म्हणालास, "ताई, ढग नुसता नावाला. एका मोठ्या कंपनीच्या कपाटात आपण एक खण घेतलाय. किल्ली आपल्याकडे. उद्या दुकान जळालं तरी खण शाबूत." मला पटलं. तीच किल्ली तुझ्याही खिशात राहणार आहे, हे मात्र तू सांगितलं नाहीस.

मागच्या महिन्यात एक शिक्षिका आल्या. अपघातानंतर त्यांचा एक पाय दीड इंच आखूड झालाय. माप घेतलं, स्कॅन केलं, पण जतन होईना. पडद्यावर एकच ओळ, जागा संपली आहे. बाई भिंतीला धरून उभ्या, आणि मी संगणकाच्या विनवण्या करतेय. उघडून बघते तर आराखडे मूठभर आणि बाकी सगळे तुझे फोटो. दोन वर्षांचे. तुझा फोन दुकानाच्याच खात्याला जोडलेला, त्यामुळे तू काढलेला एकेक फोटो आमच्या खणात येऊन पडत होता. जाताना दार आपटून गेलास, आणि सामान मात्र रोज आमच्याच घरात टाकत राहिलास.

मी ते पुसले. एकूण एक. दुकानाला जागा हवी होती.

इथपर्यंत लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. वरचं वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे.

आधी मी ते पाहिले. तुझं लग्न पाहिलं. नवरीकडची पंधरा-वीस माणसं, आणि तुझ्याकडून ऑफिसातले दोन मित्र. आम्हाला एक ओळ नाही. मग दवाखान्यातली, दुपट्यात गुंडाळलेली पोर. मला भाची झाली हे मला जागा संपल्याच्या निरोपातून कळलं. "जा, तुझ्यावाचून काही अडत नाही," असं मी म्हणाले होते, मान्य. पण रागात बोललेलं वाक्य कोणी दोन वर्षं उराशी धरून बसतं का?

पुसण्याआधी संगणकाने विचारलं होतं. इथून काढलेत तर जोडलेल्या सगळ्या फोनमधूनही जातील, चालेल का? मी ते दोनदा वाचलं. मग बटण दाबलं.

त्या संध्याकाळी दुकानाचा फोन दोनदा वाजला. पलीकडून कोणी बोललं नाही. आपलं लहानपण एका खोलीत गेलंय, तुझा श्वास मी ओळखते. मीही बोलले नाही.

पाच दिवस घास गोड लागला नाही. शेवटी संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "पुसलेलं लगेच जात नाही, ताई. तीस दिवस कचऱ्याच्या पेटीत पडून असतं. पण एक लक्षात ठेवा, याला जपून ठेवणं म्हणत नाहीत. तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकच वस्तू दिसतेय. इकडे मोडली की तिकडेही मोडली." सगळे परत आणले. तुझ्या फोनमध्येही आले असतील. पुसणारी मीच, आणणारीही मीच.

आणताना एकेक फोटो नीट पाहिला, आणि खरा संताप तेव्हा आला. पोरीचे पाय आत वळलेले. आधी प्लास्टर, मग पाय पुन्हा वळू नयेत म्हणून दांड्याला जोडलेले बूट. तेही दुकानातून आणलेले तयार. टाच आत बसतच नाहीये, वर सरकतेय. एका फोटोत टाचेमागे लालभडक फोड. अरे, तीन पिढ्या आपण दुसरं काय करतो? परक्यांची पोरं आपल्या बाकावर बसून पायाचं माप देऊन गेली, चालायला लागली, आणि आपल्याच पोरीच्या टाचेला फोड? राग माझ्यावर होता ना? मग तो माझ्यावर काढायचास. तिने का सोसायचा?

तो फोटो बाबांना दाखवला.

"कोणाची?"

"त्याची."

त्यांनी चष्मा चढवला. मग म्हणाले, "मोठा कर." केला. "टाच उचलतेय. आतून मऊ कातड्याची पट्टी हवी." थोड्या वेळाने, "त्याला बोलाव."

"तुम्हीच बोलवा," मी म्हणाले.

"जा कोण म्हणालं होतं? मग ये म्हणायचंही तूच."

तर ये. तिच्या आईलाही आण. डॉक्टरांची चिठ्ठी आण, त्यांनी सांगितल्याबाहेर मी एक टाका घालणार नाही. आणि फोटोवरून बूट होत नाही, पाय हातात घ्यावा लागतो. पोर झोपाळलेली असेल अशा वेळी आण, तेव्हा पोरं पाय ढिला सोडतात.

शनिवारी दुरुस्तीवाल्याने तुझं खातं वेगळं करून दिलं. तुझे सगळे फोटो त्यात आहेत. पासवर्ड सोबतच्या चिठ्ठीत आहे, आधी तो बदल. दुकानाच्या आराखड्यांची एक प्रत आता मी माझ्या कपाटातही ठेवते. म्हणजे आता तुझ्याकडचं मला काही दिसत नाही. तसंच असायला हवं. पण तिच्या टाचेचा फोड बसला की चिघळला, हे कळायलाही मला मार्ग उरला नाही. तेवढं कळव. रागाने कळवलंस तरी चालेल.

तिने अजून न पाहिलेली,
तिची आत्या