तू नाही म्हण

१४ जुलै

—आणि जिक्रा थांबेचना! सलग सात मिनिटं इंग्रजी. गुण द्यायचे विसरले मी.

पंधरा दिवसांपूर्वी क्लासमधल्या दोघींना वाटून दिलं होतं. सृष्टीला भाषा शिकवणारं ॲप, जिक्राला चॅटबॉट. कशानं जास्त येतं ते बघायचं होतं. खरं तर दोन्ही फसावीत, अशीच इच्छा. नांदेडात अठरा वर्षं स्पोकन इंग्लिश शिकवते आहे मी.

सृष्टीचा एक दिवस चुकला नाही. शब्द सगळे पाठ. इंग्रजीत विचारलं, काल काय केलंस? मग म्हणाली, "मॅडम, चार पर्याय द्या ना!"

वर्ग हसला. नंतर जिक्रा उठली. गेल्या महिन्यात स्वतःचं नाव सांगताना अडखळायची ही मुलगी!

१५ जुलै

"बोलायला शिकलीस कशी?" जिक्रानं सरळ फोन हातात दिला.

पहिल्याच दिवशी तिनं चॅटबॉटला लिहिलंय — तू माझा अब्बा हो. तू गाद्या भरतोस. मला लातूरला नर्सिंगला जायचंय. तू नाही म्हण.

पंधरा दिवस ते नाही म्हणतंय. ही इंग्रजीत भांडतेय. आधी तीन-तीन शब्द. शेवटी पानभर. एके ठिकाणी — "अम्मी गेल्यापासून स्वयंपाक मी करते, म्हणूनच सोडत नाही ना मला?"

फोन खाली ठेवला.

"घरी विचारलंस?"

"न्हाई."

"अगं, प्रवेशाची सतरा शेवटची तारीख!"

"अब्बासमोर तोंडच उघडत न्हाई, मॅडम. इंग्रजीत भ्या वाटत न्हाई."

"मग इंग्रजीतच सांग जा!" चिडून म्हणाले मी. काय बोलले हे!

१६ जुलै

जिक्रा आली नाही.

ॲपनं सृष्टीला उत्तरं दिली. चॅटबॉटनं जिक्राला विरोध केला. मी अठरा वर्षं फक्त चुका काढल्या.

१७ जुलै

सकाळी सात. दारात जिक्राचे वडील, ताहेरभाई. भुवयांत कापूस.

"काल जेवताना पोरगी अर्धा घंटा इंग्रजीत बोलली, मॅडम. रडून राहिली होती. मी तर तिला कशालाच कधी न्हाई म्हणलं न्हाई. काय म्हणत होती, तेवढं सांगा."

जिक्राच्या फोनमध्ये वाचलेलं सगळं सांगितलं. स्वयंपाकाचंही.

त्यांनी भुवयांतला कापूस पुसला. मग विचारलं, "लातूरची गाडी कितीला हाय?"